पॅड काळ्या पन्नीत टाकता? मग हे बघाच

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली अर्ध्या कमेंट एकच : "ताई, वापरलेलं पॅड टाकायचं कुठं?" तर पटकन. कमोडमध्ये नाही, जाळायचं नाही, ओल्या कचऱ्यात नाही. झालं. एवढं तर सगळ्यांना माहीतच असतं.

असतं म्हणते खरं, पण इथं नागपुरात मानेवाड्याला आमच्या बिल्डिंगचं चेंबर तुंबलं, तेव्हा प्लंबरनं सळईनं जे बाहेर ओढलं ते उशीएवढं फुगलेलं. आतली जेल पाणी पिते ना बाप्पा, आणि मागचं प्लास्टिक काही कुजत नाही. सोसायटीचे सगळे काका लगेच मोबाइलमध्ये घुसले.

आता खरी गोष्ट, गुंडाळणं. हे कोरं पॅड आहे, घाबरू नका. वापरलेली बाजू आत घेऊन एका टोकाकडून घट्ट गुंडाळायचं. नव्या पॅडचं जे कव्हर निघतं, त्यात ही गुंडाळी. वरून पेपरचं अर्धं पान, कडा आत दुमडून. आणि लाल पेननं हा असा मोठा गोल, म्हणजे आत पॅड आहे हे बाहेरूनच कळतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती. नागपुरात करायला पेनच तर लागतो!

काळी पन्नी काऊन नको? मेडिकलवाला देतो, लपवायला बरी पडते, म्हणून आपण तीच वापरतो. पण गाठ मारलेल्या पन्नीत काय आहे, हे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला कसं कळणार? ती उघडून बघते. हातानं. त्यातून रात्री गेटबाहेर ठेवली, की कुत्रं फाडतं आणि सकाळी सगळ्या गल्लीला दर्शन. म्हणजे लपवलं काय? पेपरवर लाल गोल दिसला, की कोणी उघडतच नाही. पन्नी लपवते म्हणूनच उघडली जाते, माझं भांडण तेवढंच आहे.

एक दादा लिहितात, "असले विषय चॅनलवर काऊन?" दादा, तुमच्या घरचा डबा गाडीत रिकामा होतो, तो पुढं कोणाच्या तरी हातातूनच जातो ना? मग?

"धुऊन टाकायचं का?" नाही हो, जेल मोरीत जाते. धुवायचं ते कापडी पॅड : आधी थंड पाणी, मग साबण, मग कडक ऊन. आत पंख्याखाली नाही.

नियम म्हणाल, तर आधीच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार पाऊच कंपनीनं द्यायचा होता आणि गुंडाळलेलं पॅड सुक्या कचऱ्यात ठेवायचं होतं. २०२६ च्या नियमांत सॅनिटरी कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळाच काढलाय. डायपरही त्यातच. म्हणून बाथरूममध्ये झाकणाचा छोटा डबा ठेवा. गाडीवर वेगळा कप्पा दिसला नाही, तर पुड्या सुक्यात दाबून टाकू नका. गाडीवरच्या भाऊला "पॅड आहेत" म्हणून सरळ सांगा आणि लाल गोल वर दिसेल असं द्या.