आधी किती तापलं होतं?

(पडद्यावर: सकाळ. बेळगावच्या उद्यमबागेतलं एक शेड. मोल्डिंग मशीन सुरू होतंय.)

दिवसाचं पहिलं झाकण पडलं. पातळ आहे, उजेडाकडे धरलं तर पलीकडची बोटं दिसतात. अकराच्या चहाला पडलेलं झाकण मात्र दुधाळ, जरा कडक आणि मापाला किंचित लहान. प्लास्टिकचा दाणा तोच, मशीन तेच.

"सकाळी मोल्ड गार असतोय की ओ," ऑपरेटर मामा साच्याबद्दल म्हणतात.

निम्मं उत्तर त्यातच आलं. झाकण पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकचं. वितळल्यावर त्याचे लांबलचक रेणू शिजलेल्या शेवयांसारखे गुंतलेले असतात. निवताना ते घड्या घालून एकमेकांना लागून बसतात, तेच स्फटिक. रेणूंच्या या घड्यांची कल्पना १९५७ साली ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी पॉलिथिनच्या स्फटिकांवरून मांडली. एका घडीची उंची १० नॅनोमीटरच्या आसपास. गार मोल्डमध्ये घड्या घालायला सवडच मिळत नाही. मोल्ड तापला की मिळते. मग स्फटिक वाढतात, उजेड विखुरतो, माल जास्त आकसतो.

(पडद्यावर: खानापूरकडचं स्वयंपाकघर. नुकतंच कढवलेलं तूप.)

उरलेलं निम्मं उत्तर इथे आहे. पातेलं पाण्यात ठेवून तूप झटकन गार केलं तर गुळगुळीत, रात्रभर तसंच निवू दिलं तर छान रवाळ. तूप काही पॉलिमर, म्हणजे लांबलचक रेणूंचा पदार्थ, नव्हे; त्याचे रेणू फार लहान. पण थिजलेलं तूप अर्धवट पातळ केलं तर उरलेल्या कणांभोवतीच पुन्हा रवा धरतो, हे घरोघरी ठाऊक आहे.

पॉलिप्रॉपिलिनचं त्याहून चिवट. ते साधारण १६५ अंशांना वितळतं. पण जेमतेम वितळवून थांबलात तर दिसायला सगळं पातळ, आत मात्र जुन्या मांडणीच्या खुणा शिल्लक. निवताना स्फटिक तिथूनच लवकर धरतात. मशीनचं बॅरल, म्हणजे दाणा वितळवणारी नळी, २०० अंशांच्या वर ठेवतात ते माल नीट वाहावा म्हणून. या खुणाही त्यात पुसल्या जातात. प्रयोगशाळेतही नमुना पूर्ण वितळवून काही मिनिटं तसाच ठेवतात आणि मग निवताना स्फटिक कसे धरतात ते मोजतात. नमुना पहिल्यांदा तापवताना किती उष्णता घेतो, त्याचा आलेख मात्र फेकून देऊ नये. माल कारखान्यात कसा निवला, ते त्यातच वाचता येतं.

(पडद्यावर: पाण्याची रिकामी पेट बाटली. तोंडाशी हीटगन.)

हे पेट. वितळायला २५० अंश लागतात, इथे तेवढी उष्णता नाही. तरी बघा, काचेसारखं तोंड पांढरं होत चाललंय. घाईघाईने गार केल्यामुळे राहून गेलेल्या घड्या आता पडताहेत. गरम रस भरायच्या काही बाटल्यांचं तोंड असंच मुद्दाम तापवून पांढरं करतात, नाहीतर रसाच्या धगीनं आटे वाकडे होऊन बूचच बसायचं नाही.

(पडद्यावर: पुन्हा शेड.)

सकाळची झाकणं मामांनी वेगळ्या क्रेटमध्ये टाकलीत. उद्या दळून ती परत हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या दाणा ओतायच्या तोंडात, जातील.