चेहऱ्यावर विसंबलेली माया

पणजीतल्या मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पोरे लाटांशी खेळताना दिसली, की फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९५९ सालच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ या चित्रपटाचा शेवट आठवतो. सुधारगृहातून पळालेला आंत्वान धावत धावत समुद्राशी येतो, पाण्यात पाय भिजवतो, वळून थेट आपल्याकडे पाहतो आणि चित्र तिथेच थिजते.

आंत्वानने टाइपरायटर चोरला होता, पण तो पकडला जातो तो परत ठेवायला गेल्यावर. गुन्हा असा बेतला, की आपली सहानुभूती डळमळत नाही. ‘मुले म्हणजे देवाघरची फुले’ हे ऐकत वाढलेल्या आपल्याला असाच बालगुन्हेगार पेलवतो: भुकेला, फसवला गेलेला, मनाने निर्मळ. मग ज्याच्या डोळ्यांत निरागसता सापडत नाही, त्या मुलाने आपल्या मायेवर हक्क कसा सांगायचा?

लुई बुन्युएल यांनी १९५० सालच्या ‘लॉस ओल्विदादोस’मध्ये ही सवलत दिली नाही. मेक्सिको सिटीतली त्यांची पोरे आंधळ्या वादकाला दगड मारतात, आणि तो आंधळाही मनाचा चांगला नाही. तरीही सुधारगृहवजा शेतीशाळेचे प्रमुख तिथल्या पेद्रो या मुलाच्या हाती पन्नास पेसोंची नोट देऊन त्याला सिगारेट आणायला एकटे पाठवतात. पेद्रो परत येणारच असतो. फाटकाबाहेर त्याच्याहून मोठा हायबो ती नोट हिसकावतो. त्या मुलावर टाकलेला विश्वास चुकलेला नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

२००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, तेव्हा असे कितीतरी चेहरे आपण पडद्यावर पाहिले आहेत. आपल्याकडच्या विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलाचा चेहरा मात्र या चेहऱ्यांत दिसणार नाही, कारण त्याची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवावा का, हे ठरवण्याआधी बाल न्याय मंडळाला त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती तपासावी लागते. तिथे निरागस दिसण्याचा प्रश्न येत नाही. ऐकून घ्यावे लागते.

त्रुफोंच्या चित्रपटातही एक मानसशास्त्रज्ञ आंत्वानला प्रश्न विचारते. ती पडद्यावर दिसत नाही, फक्त तिचा आवाज येतो. तू सतत खोटे बोलतोस असे तुझे आईवडील सांगतात, असे ती म्हणते, तेव्हा तो सांगतो, की खरे बोलले तरी घरचे विश्वास ठेवत नाहीत.