टॅप केल्यावर पैसे कुठे असतात?

(दृश्य: काउंटर. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी नोट.)

नोट हातात पडली की व्यवहार मिटला. कार्ड टेकवलं की मात्र पैसे जागचे हलत नाहीत. जातो तो फक्त निरोप.

(दृश्य: मशीनजवळ येणारं कार्ड, अगदी जवळून.)

या कार्डात बॅटरी नाही. प्लास्टिकच्या थरांमध्ये तारेचे बारीक वेढे आहेत. मशीनभोवती १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड चारेक सेंटिमीटरच्या आत आलं की वेढ्यांत वीज तयार होते आणि चिप जागी होते. ती या व्यवहारापुरती एक सांकेतिक सही बनवते. कुणी ती टिपून घेतली तरी दुसऱ्यांदा चालत नाही. जुन्या काळ्या पट्टीवरची माहिती दर वेळी तीच असायची, म्हणून तिची नक्कल सोपी होती. पाकिटासकट टेकवलं आणि मशीन अडलं, तर बहुधा आतली दोन कार्डं एकदम उत्तर देतायत. हवं ते बाहेर काढा.

निरोप दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड नेटवर्कमार्गे (म्हणजे रुपे, व्हिसासारख्या बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेमार्गे) ग्राहकाच्या बँकेत जातो. ती शिल्लक बघते, रक्कम राखून ठेवते, होकार देते. काही सेकंदांचं काम. बँकाबँकांतला हिशेब मात्र नंतर, बहुतेकदा एक-दोन दिवसांनी चुकता होतो.

गोची होते ती होकार परतताना रेंज गेली तर. ग्राहकाला पैसे कापल्याचा मेसेज, मशीनवर ‘व्यवहार अयशस्वी’. दोघंही खरंच सांगत असतात! सहसा यंत्रणा उलटा निरोप पाठवून रक्कम मोकळी करते, पण लगेच नाही. म्हणून घाईने दुसऱ्यांदा टॅप करू नका. आधी मशीनवर शेवटच्या व्यवहाराची स्थिती बघायला सांगा, संदर्भ क्रमांक टिपून ठेवा. दुकानदारानेही स्क्रीनशॉटवर माल देऊ नये, स्वतःचं खातं तपासावं.

(दृश्य: क्यूआर कोडचा स्टिकर. नखाने उचललेली कड.)

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने काढला, गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. काउंटरवरच्या छापील कोडमध्ये साधारणपणे फक्त पैसे घेणाऱ्याच्या खात्याचा पत्ता असतो. वर कुणी दुसरा स्टिकर चिकटवला तर फोन तोही बिनतक्रार वाचतो. त्यामुळे पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. रक्कमही आपणच टाकतो, तीही पुन्हा बघा. एक शून्य जास्त पडलं तर यंत्रणेच्या लेखी व्यवहार बिनचूकच, आणि ते पैसे परत मिळणं बरंचसं समोरच्याच्या मर्जीवर.