सीआरपी किती आला?

(दृश्य: लॅबची खिडकी, बाहेर रांग)

एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. पुणे असो की नाशिक, फोन उचलला की पहिला प्रश्न: "सीआरपी किती आला?" हिमोग्लोबिनपलीकडे कधी काही न वाचलेली माणसंही डी-डायमर, फेरिटिन अशा रक्ततपासण्यांचे आकडे भाजीच्या भावासारखे एकमेकांना सांगू लागली होती.

सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, तसा जुनाच. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला. हे प्रथिन यकृतात तयार होतं. आयएल-६ नावाच्या रेणूचा इशारा आला की त्याचं प्रमाण भराभर चढतं. पण रक्तात विषाणू किती, हे तो सांगत नाही. शरीर किती खवळलंय, एवढंच सांगतो. डी-डायमरचंही तसंच. रक्ताची गुठळी होऊन ती विरघळू लागली, की मागे उरणारा तो तुकडा.

(दृश्य: आयसीयू, मॉनिटरचा आवाज)

आता हे खवळणं औषधाने शांत करायचं, पण कधी? उत्तर ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीतून आलं, १६ जून २०२० रोजी. डेक्सामेथासोन: जुनं, स्वस्त स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता? तिथे औषध घेणाऱ्यांत १७.८ टक्के, न घेणाऱ्यांत १४. हा फरक पक्का मानण्याइतका नव्हता, पण फायदा मात्र दिसला नाही.

पुढे त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब तपासलं. हे औषध आयएल-६ चीच वाट अडवतं. इथे रक्ताचा आकडा थेट दारावर उभा होता: ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली किंवा बाहेरून ऑक्सिजन लागलेला, आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा वर, असेच रुग्ण घेतले. मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. दोन्ही अटी एकत्र, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे अनेक घरांत पहिलीच अट गळाली. ऑक्सिजन ९७, ताप तिसऱ्या दिवसाचा, आणि सीआरपी थोडा वाढला म्हणून स्टेरॉइड सुरू. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुणाच्या तरी प्रिस्क्रिप्शनवरूनसुद्धा!

(दृश्य: बोटाला सुई, ग्लुकोमीटरची पट्टी)

या सगळ्या महागड्या तपासण्यांत एक साधा आकडा मागे पडला. साखर. स्टेरॉइडने ती चढते, मधुमेह्यांची तर फारच. चढलेल्या साखरेत म्युकर नावाची बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यापर्यंत पोचते. मे महिना उजाडला तेव्हा रेमडेसिविर या विषाणूविरोधी औषधाच्या रांगेतून सुटलेले काही नातेवाईक नव्या रांगेत उभे होते, अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या.