नावाखालचं पितळ

(काळा पडदा. पितळेच्या नळीतून झिरपणारा उजेड.)

हा उजेड दिसायला नको होता.

खोलीतले दिवे मुद्दाम घालवलेत. आल्टो सॅक्सोफोनच्या पोटात बारीक दिव्यांची एक माळ सोडलीय आणि वाद्यं दुरुस्त करणारे काका वरून खाली एकेक किल्ली मिटत चाललेत. किल्लीखालची गादी, म्हणजे पॅड, छिद्रावर नीट बसलं, तर आतला उजेड आतच राहतो. नाही बसलं, तर ही अशी पिवळी रेघ उमटते. जिथून उजेड निसटतो तिथूनच हवाही निसटते.

काकांच्या बोटाकडे लक्ष द्या. बोट नुसतं टेकलंय. जोर लावला तर वाकडं पॅडही मुकाट्याने मिटतं. दुकानात वाद्य पाहायला गेलेला माणूस नेमका जोरानेच दाबतो, त्याला सगळं ठाकठीक वाटतं, आणि तो पैसे मोजतो. वरातीत तीन तास वाजवताना प्रत्येक सुराला एवढा जोर कोण लावणार?

(दिवे लागतात. बेलवरची, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावरची, कोरीव वेल, मध्ये नाव.)

हा सॅक्सोफोन इस्लामपूरहून आलाय. त्याचा मालक बँडमध्ये वाजवतो. 24,000 रुपयांना, फोटो बघून घेतलेलं वाद्य. बेलवर जे नाव कोरलंय ते या खोलीत कुणी कधी ऐकलेलं नाही. काकांनी तर ते अजून वाचलेलंही नाही. वरच्या चकचकीत थराला, लॅकरला, ओरखडा जाऊ नये म्हणून काम सुरू करण्याआधीच बेलला फडकं गुंडाळायची त्यांची सवय आहे. नाव फडक्याखाली गेलं. आम्हीही ते तिथेच राहू दिलंय.

कारण सॅक्सोफोनवरचं नाव आणि तो घडवणारा हात, यांची फारकत शंभर वर्षांपूर्वीच झाली.

(जुनी छायाचित्रं.)

ॲडॉल्फ साक्सने पॅरिसमध्ये 1846 साली पेटंट घेतलं. 1866 साली ते संपलं आणि हे वाद्य बनवायला कुणीही मोकळा झाला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. कॉन, ब्यूशर, मार्टिन, तिन्ही कारखाने तिथलेच. 1920च्या दशकात अमेरिकेला सॅक्सोफोनचं वेड लागलं, तेव्हा दुकानदार आणि टपालाने माल पाठवणारे व्यापारी या कारखान्यांकडून वाद्यं घ्यायचे आणि बेलवर स्वतःचं नाव कोरून घ्यायचे. अशा वाद्याला ‘स्टेन्सिल’ म्हणतात. अनोळखी नावाखाली नामांकित कारखान्याचं पितळ! मात्र हुबेहूब तेच वाद्य मिळायचं, असंही नाही. कॉन स्वतःच्या नावाच्या वाद्यांवर छिद्रांच्या कडा गोल वळवून द्यायची. दुसऱ्याचं नाव घातलेल्या वाद्यांवर त्या बहुधा साध्याच ठेवायची.

(फडताळातून निघणारा काळपट टेनर, आल्टोहून मोठा सॅक्सोफोन.)

त्याच काळातला हा टेनर. नंबरापाशी ठोकलेलं इंग्रजी ‘एच’ अक्षर दिसतंय? एच म्हणजे हाय पिच. तेव्हाचे काही बँड आजच्या 440 हर्ट्झच्या ‘ए’ सुरापेक्षा बऱ्याच वरच्या सुराला वाद्यं मिळवायचे. या टेनरचा एकही सांधा ढिला नाही, चाप अजून खटकन परततात, पण आजच्या कीबोर्डशेजारी तो सुरात बसणार नाही. जुनं वाद्य घेताना नावाआधी हे अक्षर शोधा.

(तैवानमधली छायाचित्रं.)

आता तैवान. ताइचुंगमधलं होउली. चांग लिएन-चांग इथले चित्रकार, शिवाय हौशी वादक. एका मित्राचा सॅक्सोफोन आगीत सापडला. चांग यांनी ते जळकं वाद्य सोडवलं, भाग वेगळे केले, एकेकाचं चित्र काढलं आणि त्या चित्रांवरून नवे भाग घडवायला बसले. तीनेक वर्षं खपून 1940च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तैवानमधला पहिला सॅक्सोफोन उभा केला. ना कारखाना, ना मोजमापांचे कागद, ना शिकवणारं कुणी. पुढे त्यांच्याकडे शिकलेल्यांनी आपापली दुकानं थाटली. कुणी नळ्या वळवायचा, कुणी किल्ल्या घासायचा, कुणी नुसतं डाख द्यायचा. जगातल्या तीन सॅक्सोफोनांमधला एक होउलीचा, असं एके काळी तिथे अभिमानाने सांगत. त्यातली बहुतेक वाद्यं मात्र दुसऱ्यांच्या नावाने विकली गेली. चांग यांच्या नावाचं संग्रहालय आज होउलीत आहे. त्यांनी काढलेलं एकेक चित्र बघताना मला वाटलं, वाद्य पारखायची रीत हीच. सुटं करून बघायचं.

(पुन्हा टेबल. स्क्रू, दांड्या, चिमटे.)

इथेही आता तेच चाललंय. एक दांडी सरकवली की चार किल्ल्या मोकळ्या होतात. काका एक किल्ली चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवतात. ऐका... टक, टक. हा आवाज म्हणजे दांडी आणि तिच्यावर फिरणारी किल्लीची नळी यांच्यात पडलेली जागा. नव्या वाद्यात तो येऊ नये. इथे दोन ठिकाणी आला.

मग स्प्रिंगा. या निळसर सुया पोलादाच्या. त्यांचा परतावा गोड असतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात त्या गंजतात आणि ऐन कार्यक्रमात तुटतात. मग दांड्या धरणारे खांब. प्रत्येक खांबाच्या बुडाशी डाख सगळीकडून धरलाय का, नख फिरवून बघायचं. मग खालच्या बी फ्लॅटची मोठी किल्ली. अंगठ्याने हलकेच दाब दिला आणि, दिसलं ना, ती वाकली. मऊ पितळ. ही किल्ली दर दोन-तीन महिन्यांनी सरळ करावी लागेल.

“हे सगळं होण्यासारखं आहे,” काका म्हणतात. पॅड बदलता येतं, किल्लीचं बूच बदलता येतं, स्प्रिंग बदलता येते, सैल नेक, म्हणजे वरची वाकडी नळी, घट्ट करता येतो. काकांचं सगळं लक्ष असतं ते न बदलणाऱ्या गोष्टींवर.

(छिद्रावर ठेवलेली काच. खालून उजेड.)

पॅड काढलेल्या छिद्रावर त्यांनी सपाट काच ठेवलीय. कड लाटेसारखी असेल तर काचेखालून उजेड पळतो. मग कितीही महागडं पॅड बसवा, हवा जाणारच. कानशीने थोडं घासता येतं. पितळ पातळ असेल तर तेही नाही. या वाद्याची सगळी छिद्रं तपासली. काच टेकली की अंधार होतो. काकांची मान पहिल्यांदा हलली ती इथे.

(सूर मोजणाऱ्या ट्यूनरची सुई.)

उरला सूर. काका वाद्याबरोबर आलेला माउथपीस बाजूला ठेवतात आणि खिशातला स्वतःचा लावतात. प्रत्येक वाद्याला हाच. माउथपीस बदलला तर तुलना कशाची करणार? आधी खालचा डी. मग सूर वरच्या सप्तकात नेणारी ऑक्टेव्ह की लावून वरचा डी. बऱ्याच सॅक्सोफोनांत हा वरचा डी थोडा चढतो. इथेही सुई थोडी उजवीकडे गेली. ओठाने सावरण्याइतकी. पॅड किती उघडतं तेही बुचाची जाडी बदलून कमी-जास्त करता येतं. कमी उघडलं की सूर उतरतो. पण छिद्र मुळातच चुकीच्या जागी पाडलेलं असेल, तर त्यावर कुणाकडेच इलाज नाही.

(भिंतीला टेकवलेला चकचकीत सोनेरी आल्टो.)

हा दुसरा आल्टो याहून महाग आणि याहून देखणा होता. सुराची दोन छिद्रं चुकीच्या जागी. विकणाऱ्याने परत घेतला नाही.

(काकांचे हात. नवं पॅड, चिमटा, छोटी ज्योत.)

हे काम काका धोबी तलावच्या एका गोवेकर मास्तरांकडे शिकले. पॅडच्या वाटीला खालून ऊब द्यायची, लाख मऊ झाली की पॅड केसभर सरकवायचं, मिटायचं, थांबायचं. पुन्हा माळ आत. पुन्हा दिवे बंद. एका वाद्यात अशी वीसहून जास्त पॅडं असतात, आणि शेवटचं बसेपर्यंत पहिलं हललेलं असू शकतं. आम्ही सकाळी दहाला आलो होतो. आता साडेपाच झालेत.

(अंधार. नळीतून कुठूनच उजेड नाही.)

“काका, खालून वाजवू?”

“खालूनच. बी फ्लॅट. आणि हळू फुंक, हळू.”

सर्वांत खालचा सूर हळू फुंकून उमटला, की वरपासून खालपर्यंत सगळं मिटलंय. वाद्याचा मालक, तो पोरगा, पट्टा गळ्यात अडकवतो. बेलला गुंडाळलेलं फडकं सोडायचं राहूनच गेलंय.

(बी फ्लॅट. सूर संपेपर्यंत दृश्य कापू नये.)