खातं चालू आहे

(दृश्य: मालवण बंदर, जून. वर ओढलेल्या बोटी, ताडपत्र्यांवर पाऊस.)

1 जून ते 31 जुलै. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मालवणात बोटी वर ओढून झाल्या, इंजिनं झाकून झाली, खलाशी आपापल्या गावी गेले. सिंधुदुर्ग किल्ल्यात पर्यटकांना नेणाऱ्या होड्याही बंद. दुपारी जाळी शिवायची, संध्याकाळी पत्ते कुटायचे. आणि बाजारामागच्या या घरात दिवेलागण झाली की पडवीत खुर्च्या लागतात, आणि मंडळी अस्कॅलॉनला निघतात.

(दृश्य: संगणकाचा पडदा. हिरवं रान, ओढा, लांबवर दगडी भिंत.)

अस्कॅलॉन हे टिरिया नावाच्या दुनियेतलं एक राज्य. खेळाचं नाव गिल्ड वॉर्स, 2005 च्या एप्रिलमध्ये आलेला. आपलं पात्र घडवायचं, चार ते आठ जणांची टोळी जमवायची, मोहिमेवर जायचं. मधल्या खुर्चीवर बसलाय तो या घरचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. पावसाळा सोडला तर बाकीचं वर्ष तो ट्रॉलरवर असतो. शेजारी त्याचा चुलतभाऊ, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. भिंतीला टेकलेला कॉलेजात जाणारा भाचा.

हा खेळ एकदा विकत घ्यायचा. त्यानंतर महिन्याला काही भरायचं नाही. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. 2005 साली मात्र ऑनलाइन खेळ म्हटला की महिन्याचं बिल आलंच. अल्टिमा ऑनलाइनने 1997 साली महिन्याला सुमारे 10 डॉलर घ्यायला सुरुवात केली. एव्हरक्वेस्ट 1999 चा, तोही त्याच वाटेने गेला. नोव्हेंबर 2004 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला, महिन्याला 15 डॉलर. तेव्हाच्या दराने साडेसहाशे रुपयांच्या आसपास. पैसे एक वेळ निघाले असते, पण ते भरायला क्रेडिट कार्ड कुठून आणायचं?

(दृश्य: तांडेलाचा चेहरा, पडद्याचा उजेड.)

"म्हयन्याक पैशे घेतले आसते तर घरातल्यांनी कॉम्प्युटरच इकून टाकलो आसतो."

जाणकारांची शंका वेगळी होती. महिन्याचे पैसे नाहीत, म्हणजे कंपनीला नवीन काही करत राहायची गरज नाही. गोष्ट संपली की माणूस उठून जाणार. फुकट बसलेल्याला उठायला कितीसा वेळ लागतो? शंका रास्त होती. तिचं उत्तर आधी यंत्रणेत शोधावं लागतं, म्हणून थोडं मागे जाऊ.

(दृश्य: खेळातलं शहर, पात्रांची गर्दी. मग वेशीबाहेर पडणारी टोळी.)

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझार्ड कंपनीतून बाहेर पडलेल्या तिघांनी, माइक ओब्रायन, जेफ स्ट्रेन आणि पॅट्रिक वायट यांनी, 2000 साली वेगळी कंपनी काढली. तीच पुढे अरीनानेट. ओब्रायन यांनी त्याआधी बॅटलनेटवर, म्हणजे ब्लिझार्डच्या ऑनलाइन खेळण्याच्या सेवेवर, काम केलेलं. हजारो लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं आणि तेही स्वस्तात, हा त्यांचा हातखंडा. आता पडद्याकडे नीट बघा. या शहरात सगळे एकत्र दिसतात: कोण विकतोय, कोण टोळी शोधतोय, कोण नुसताच नाचतोय. पण टोळीने वेस ओलांडली की सर्व्हर, म्हणजे कंपनीचा संगणक, त्या टोळीपुरती रानाची वेगळी प्रत काढून देतो. या रानात दुसरं कुणी येणार नाही. टोळी परतली की प्रत पुसली जाते. लाखो लोकांसाठी एकच अखंड जग रात्रंदिवस जागं ठेवायचं, तर खर्च येतो. इथे तो फार कमी केला. महिन्याच्या बिलाविना हा खेळ चालू शकला तो बऱ्याच अंशी या वेशीमुळे.

दुसरी हुशारी डाउनलोडची. खेळाची सुरुवातीची फाइल अगदी चिमुकली. ज्या प्रदेशात पाऊल टाकाल तेवढाच प्रदेश उतरवून घ्यायचा, बाकीचा नंतर. वाचायला झकास. 2007 च्या मालवणात मात्र प्रत्येक वेशीवर चहा करून येण्याइतका वेळ जायचा.

(दृश्य: बाजारातलं जुनं सायबर कॅफे, आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. मालक काउंटरमागे.)

हे काका तेव्हा सायबर कॅफे चालवायचे. त्यांनी त्यावर इलाज काढला होता. बीएसएनएलच्या 500 रुपयांच्या ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड मोफत असायचं. त्या काळी अख्ख्या महाराष्ट्रात कितीतरी पोरांनी दोनचे गजर लावलेत. काका रात्री दुकान उघडायचे, खेळाच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करायचे, टार्गेटच्या ओळीत शेवटी एक मोकळी जागा सोडून 'डॅश इमेज' असं इंग्रजीत टाइप करायचे. हे लिहिलं की खेळ सुरू होत नाही, अख्खी दुनिया एका दमात उतरवून ठेवतो. एका दमात म्हणजे किती रात्रींत, ते पावसावर आणि टेलिफोनच्या वायरीवर. आठ वाजायच्या आत बंद करायचं, नाहीतर बिल चढलंच.

(दृश्य: उघडलेला सीपीयू. बोटं, रॅमची पट्टी, खोडरबर.)

खारी हवा. कोकणात संगणक दोन पावसाळ्यांत म्हातारा होतो. चालू केला की नुसता बीप बीप, पडदा काळा. मग झाकण काढायचं, रॅमची पट्टी उपसायची, तिच्या सोनेरी दातांवर आलेला हिरवट थर शाळेतल्या खोडरबराने घासायचा, फुंकर मारायची, पट्टी पुन्हा दाबून बसवायची. टक् असा आवाज आला पाहिजे. चुलतभावाला हे डोळे मिटून येतं. ज्या खेळाला 800 मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री आणि 256 एमबी रॅम पुरत होती, तो अशा घासलेल्या यंत्रावर अजून चालतो. टिकण्याची चर्चा करताना ही गोष्ट सहसा कुणी मोजत नाही.

(दृश्य: रानात एकटं पात्र, समोर श्वापद. पात्र पडतं, उठतं, पुन्हा पडतं.)

आता हे बघा. गडबड झालेली नाही, भाचा मुद्दाम मरतोय.

खेळाच्या सुरुवातीला अस्कॅलॉन असं हिरवं असतं. पुढे कथेत त्याची राखरांगोळी होते आणि एकदा पुढे गेलेल्या पात्राला या हिरव्या भागात परतता येत नाही. हा भाग नवशिक्यांसाठी आहे. काही तासांत शिकायचं आणि निघायचं, अशी बनवणाऱ्यांची अपेक्षा. पण काही खेळाडू निघालेच नाहीत. त्यांनी ठरवलं, इथेच राहून 20 वी पातळी गाठायची, म्हणजे या खेळातली शेवटची. अडचण अशी की इथली श्वापदं किरकोळ. आपण थोडे मोठे झालो की त्यांना मारून काहीच अनुभव, म्हणजे पातळी वाढवणारे गुण, मिळत नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की श्वापदाने आपल्याला मारलं की श्वापदालाही अनुभव मिळतो आणि तेही मोठं होतं. झालं. पात्र श्वापदासमोर उभं करायचं, मरू द्यायचं. ते देवळीपाशी पुन्हा जिवंत होतं, पुन्हा मरतं. असं तासन् तास. श्वापद पुरेसं मोठं झालं की मग त्याला मारायचं. तेवढ्याने थोडासा अनुभव पदरात.

"मामा, ह्या मरण्याक काय अर्थ आसा?" असं याच भाच्याने पहिल्यांदा विचारलं होतं. आता तो अभ्यासाची वही मांडीवर घेऊन मरत असतो.

कंपनीने हे काम कुणाला सांगितलं नव्हतं. खेळाडूंनी ते स्वतः शोधून काढलं आणि कंपनीने मग त्यांच्यासाठी एक किताब ठेवला, 'अस्कॅलॉनचा रक्षक'. महिन्याचं मीटर चालू असतं, तर एका रानडुकरापुढे आठवडाभर मरत राहायची चैन कुणी केली असती का, मला शंका आहे.

पातळी 20 ला संपते, ती तशी लवकरच गाठली जाते. त्यानंतर आकडा वाढत नाही. हजाराहून जास्त कौशल्यं आहेत आणि एका वेळी नेता येतात फक्त 8. ती कोणती आठ, यावर या पडवीत जेवढा वाद होतो तेवढा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही झाला नसेल. आता आपण तिथेच थांबू, कारण वाद रंगलाय.

(दृश्य: पडवीतला वाद, आवाज तसाच. वहिनी कांदाभजी आणून ठेवतात.)

(दृश्य: कीबोर्डवर बोटं. 'स्लॅश एज'. पडद्यावर एक ओळ.)

तांडेलाने एक आज्ञा टाइप केली. खेळ सांगतो, हे पात्र किती तास खेळलंय आणि किती महिन्यांपूर्वी जन्माला आलंय. तासांचा आकडा चार अंकी. महिन्यांचा तीन अंकी. पण मधल्या कितीतरी महिन्यांत एकही तास नाही. ऑगस्ट ते मे पात्र जिथे उभं केलं तिथे उभं.

"पावसात खेळतंय. नारळी पुनवेक दर्याक नारळ दिलो की बंद."

याला टिकणं म्हणायचं की नाही? महिन्याच्या हिशोबात हा माणूस दर वर्षी 'सोडून गेला' असं लिहिलं जाईल. कोकणातल्या कुठल्याही वाडीत चला. चाकरमान्यांची घरं कुलूपबंद, पण गणपतीत सगळी उघडतात. हे घर सोडलेलं आहे असं म्हणाल तर मार खाल. बिनभाड्याच्या खेळातलं पात्रही तसंच. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं, बोटी फुटल्या, झाडं पडली, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. त्या वर्षीचा हप्ता चुकला म्हणून पात्र गमवायची वेळ या टोळीवर आली नाही.

(दृश्य: बंद पडलेल्या खेळांची जुनी चित्रं.)

आता दुसरी बाजू. गिल्ड वॉर्सचा प्रकाशक एनसीसॉफ्ट. त्यांचेच महिन्याच्या बिलावर आलेले काही खेळ बघा. टॅब्युला रासा, 2007 मध्ये आला, 2009 मध्ये बंद. सिटी ऑफ हीरोज, 2004 ते 2012. वाइल्डस्टार, 2014 ते 2018. शेवटच्या दोघांनी बिल सैल करून पाहिलं, उपयोग झाला नाही. आणि बिनबिलाचा हा 2005 सालचा खेळ 2025 मध्ये 20 वर्षांचा झाला, सर्व्हर चालू. 2009 पर्यंत त्याच्या 60 लाख प्रती खपल्या होत्या. प्रती, माणसं नव्हेत. कारण 2006 मध्ये फॅक्शन्स आणि नाइटफॉल, 2007 मध्ये आय ऑफ द नॉर्थ, असे भाग येत गेले आणि एकेकाने मूळ खेळासकट चारही घेतले. कंपनीचा चरितार्थ त्या डब्यांवर. याच एनसीसॉफ्टचा लिनिएज 1998 पासून चालू आहे आणि कोरियात त्याला वर्षानुवर्षं महिन्याचे पैसे पडत, हेही नोंदवून ठेवू. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे तर 2010 मध्ये 1 कोटी 20 लाख वर्गणीदार होते. म्हणजे बिल घेऊनही लोक राहतात. फक्त इथले नाहीत.

माणसं कमी झाली तर टोळी कशी भरायची? नाइटफॉलने संगणकाने चालवायचे, पण आपण हवे तसे घडवायचे साथीदार दिले. 2011 पासून असे सात जण एकदम नेता येतात. डोंबिवलीचा आतेभाऊ लोकलमध्ये अडकला, तर त्याच्या जागी डंकोरो हा साथीदार जखमा बऱ्या करतो. तांडेलाच्या मते तो आतेभावापेक्षा बरा खेळतो.

(दृश्य: भाच्याचा लॅपटॉप. गिल्ड वॉर्स 2.)

2012 मध्ये दुसरा भाग आला, तोही बिनबिलाचा, आणि 2015 पासून मूळ खेळ मोफतच. पातळी 80 ला थांबते. तेव्हाही 80, आजही 80. तीन वर्षांनी परतलेल्या माणसाची ढाल-तलवार जुनी ठरत नाही. पैसे येतात दुकानातून आणि नव्या भागांतून. दुकानात नशीब आजमावायच्या पेट्याही आहेत. 2019 मध्ये या कंपनीतल्या शंभराहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि या घरात कुणाचंतरी बारावीचं एक वर्ष गेलं. त्यावर कॅमेऱ्यासमोर कुणी बोललं नाही.

(दृश्य: पुन्हा काकांचं दुकान. काउंटरवर भिजून फुगलेला खेळाचा डबा.)

बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मेव्हण्याने सिंगापूरहून आणलेला हा डबा. कॅफे बंद झालं तेव्हापासून माळ्यावर होता. पडवीतला वाद ऐकून काकांना पुन्हा खेळावंसं वाटलं. खातं जिवंत असणार, पैसे थकायचा प्रश्नच नाही. पण पासवर्ड आठवत नाही, आणि ईमेल ज्या कंपनीचा होता ती सेवाच उरलेली नाही. खातं आपलंच आहे हे पटवायचं, तर डब्यातला कोड द्यावा लागणार. कागदाला बुरशी. भाच्याने मोबाइलचा टॉर्च धरलाय, काकांनी भिंग. सगळी अक्षरं लागली, शेवटचं एक सोडून.

"बी हा की आठ?"

"आठ."

"बी दिसता रे माका."

भाचा पत्रात दोन्ही लिहून पाठवतो.