काळ्या दगडाचे चार ग्रह

सह्याद्रीतला कुठलाही कडा बघा, दगड तोच, काळा पत्थर. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आपलं दख्खनचं पठार तयार झालं. मंगळावर आणि शुक्रावर बहुतेक ठिकाणी हाच दगड आहे, बुधावरही याच्याच जातीचा. म्हणूनच तर बुलढाण्याच्या लोणारला, जिथे उल्का आदळून बेसाल्टमध्ये जवळपास 1.8 किलोमीटर रुंद खड्डा पडलाय, तिथे मंगळावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारे लोक येतात.

मग दगड एक असताना हे चार ग्रह इतके वेगळे का झाले? बरंचसं उत्तर आकारात आहे. वाटीतली आमटी लवकर गार होते, पातेल्यातली उशिरा, ग्रहांचंही तसंच.

बुध सगळ्यात छोटा, व्यास फक्त 4,880 किलोमीटर, आणि त्याच्या पोटात लोखंडाचा गोळा इतका मोठा की मध्यापासून पृष्ठभागापर्यंतचं जवळपास 85 टक्के अंतर तोच व्यापतो. आतून गार होता होता अख्खा ग्रहच आकसला आणि वरचं कवच तुटून शेकडो किलोमीटर लांबीचे उंच कडे उभे राहिले. हवा जवळजवळ नाहीच, त्यामुळे दिवसा 430 अंश आणि रात्री उणे 180. आणि इतक्या तापणाऱ्या ग्रहाच्या ध्रुवांवर, जिथे खड्ड्यांच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही, तिथे चक्क बर्फ आहे.

मंगळावर जमिनीचे तुकडे पृथ्वीसारखे सरकत नाहीत, म्हणून लाव्हा एकाच जागी साचत राहिला आणि ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी 22 किलोमीटरच्या आसपास उंच झाला. पण मंगळही लहानच, गाभ्यातली हालचाल मंदावली, चुंबकीय कवच गेलं आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने त्याची हवा हळूहळू उडवून नेली. नद्यांचे कोरडे मार्ग तेवढे राहिलेत.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो शुक्र. आकाराने जवळपास पृथ्वीएवढा, तरी पृष्ठभागावर 465 अंश, शिसं वितळेल एवढं, कारण त्याची हवा जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइडची, आलेली उष्णता बाहेर जाऊच देत नाही. दाब आपल्या 90 पटींहून जास्त. अशा ठिकाणी 1982 मध्ये सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा 13 उतरलं आणि 127 मिनिटं टिकलं. त्याने पाठवलेले फोटो नीट बघा, पिवळट नारिंगी उजेड, चपट्या फरशांसारखे दगड, मध्ये बारीक खडी आणि यानाच्या पायाशी कॅमेऱ्याचं गळून पडलेलं झाकण. तिथला मातीचा नमुना तपासला तर तोही बेसाल्टच्याच जवळचा निघाला.

आणि शुक्र अजून गार झालेला नाही. मॅगेलन यानाने 1991 मध्ये आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या रडार प्रतिमा 2023 मध्ये पुन्हा तपासल्या, तेव्हा माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचं एक मुख मधल्या काळात मोठं झालेलं दिसलं. इस्रोच्या शुक्र मोहिमेला 2024 मध्ये मंजुरी मिळालीये, 2028 मध्ये यान सोडायचं ठरलंय, आणि तेही ढगांच्या आरपार बघणारं रडार घेऊन जाणार आहे.